खाड्याची भरपाई : सिडनीच्या रग्बी लीगचा पहिला हंगाम, १९०८

ताम्हण (मूळ लेख)

सिडनीत राहायला आल्यापासून बर्चग्रोव्ह ओव्हल या मैदानावर माझे वरचेवर जाणे होते. स्नेल्स बे नावाच्या चिमुकल्या खाडीच्या काठी, बालमेन उपनगराच्या टोकाला, एका अंगाने पाणी आणि दुसऱ्या अंगाने उतारावर चढत गेलेली घरे, असे ते मैदान आहे. २० एप्रिल १९०८ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, या शहराच्या रग्बी लीग (जुन्या रग्बी युनियनपासून फुटून निघालेला खेळ) स्पर्धेचा पहिला दिवस याच हिरवळीवर पार पडला. येथे साउथ सिडनीने नॉर्थ सिडनीला ११-७ असे हरवले आणि बालमेनने वेस्टर्न सबर्ब्ज संघाचा २४-० असा पराभव केला. त्याच दिवशी वेंटवर्थ पार्कवर ईस्टर्न सबर्ब्जने न्यूटाउनला ३२-१६ असे, तर ग्लीबने न्यूकॅसलला ८-५ असे नमवले. ईस्टर्न सबर्ब्जच्या जॉनी स्टुंट्झ याने त्या एका सामन्यात चार ट्राय केल्या, म्हणजे चार वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला. दोन मैदाने, चार सामने, आठ क्लब : एवढीच सुरुवात होती.

हा हंगाम का उभा राहिला हे सांगायचे तर तेरा वर्षे मागे आणि इंग्लंडच्या उत्तरेकडे जावे लागते. लँकेशायर आणि यॉर्कशायरमधले रग्बी खेळाडू गिरण्यांत, खाणींत आणि गोद्यांत काम करणारे होते. शनिवारी अर्धा दिवस कामावर हजेरी लागत असे, आणि दूरचा सामना असला की ती हजेरी बुडे. आपल्याकडे याला ‘खाडा पडणे’ म्हणतात, आणि मला या साऱ्या इतिहासाचे मर्म त्या एका शब्दात दिसते. खाड्याचे पैसे क्लबाने द्यावेत, अशी उत्तरेच्या क्लबांची मागणी होती. लंडनच्या रग्बी युनियनने, म्हणजे खेळाच्या मुख्य संस्थेने, ती हौशी खेळाच्या तत्त्वाला बाधक म्हणून फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब एकत्र आले आणि त्यांनी नॉर्दर्न युनियन ही स्वतःची वेगळी संस्था स्थापन केली. सुरुवातीला खाड्याच्या भरपाईची कमाल मर्यादा दिवसाला सहा शिलिंग होती.

सिडनीतही प्रश्न तोच होता. जुलै १९०७ मध्ये न्यू साउथ वेल्स आणि न्यूझीलंड यांचा रग्बी सामना पाहायला सिडनी क्रिकेट मैदानावर सुमारे ५०,००० लोक जमले. तिकिटांचा पैसा येथील रग्बी युनियनच्या तिजोरीत जात होता, आणि खेळताना जखमी झालेल्या माणसाला मात्र घरी बसून स्वतःच्या खिशातून दिवस काढावे लागत होते. ग्लीबचा अॅलेक बर्डन हा न्हावीकाम करणारा खेळाडू असाच जखमी झाला. ज्याचे पोट हातावर आहे त्याचा हातच चालेनासा झाला, तर त्या आठवड्याची मजुरी कोण देणार, हा प्रश्न त्याच्या निमित्ताने उघडपणे विचारला गेला. मार्केट स्ट्रीटवर व्हिक्टर ट्रंपर याचे क्रीडासाहित्याचे दुकान होते. तेथे बैठका झाल्या आणि ८ ऑगस्ट १९०७ रोजी जॉर्ज स्ट्रीटवरील बेटमन्स क्रिस्टल हॉटेलात न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीगची स्थापना झाली. हेन्री हॉयल अध्यक्ष, जेम्स गिल्टिनन चिटणीस आणि ट्रंपर खजिनदार, अशी ती पहिली मांडणी होती.

त्याच महिन्यात अल्बर्ट बास्केरव्हिल या तरुणाने जमवलेला न्यूझीलंडचा बंडखोर संघ इंग्लंडला जाताना सिडनीत थांबला. न्यूझीलंडच्या युनियन संघाच्या ‘ऑल ब्लॅक्स’ या नावाची मोडतोड करून येथील वर्तमानपत्रांनी त्याला ‘ऑल गोल्ड्स’, म्हणजे पैशासाठी खेळणारे, म्हणून हिणवले. या संघाशी तीन सामने झाले, आणि तिन्ही जुन्या युनियनच्या नियमांनीच खेळले गेले, कारण नॉर्दर्न युनियनच्या नव्या नियमांचे पुस्तक सिडनीत कोणाच्या हाती नव्हते. तरीही जे खेळले त्यांच्यावर युनियनने आजन्म बंदी घातली. परतीचे दोर कापले गेले होते.

जानेवारी १९०८ पासून एकेका उपनगरात सभा होऊ लागल्या. साउथ सिडनी क्लब १७ जानेवारीला रेडफर्नच्या टाउन हॉलमध्ये जन्मला, ईस्टर्न सबर्ब्ज २४ जानेवारीला पॅडिंग्टनच्या टाउन हॉलमध्ये. पहिला क्लब कोणता, न्यूटाउन की ग्लीब, यावर इतिहासप्रेमींत अजून वाद होतो. मला त्या वादापेक्षा एक नियम महत्त्वाचा वाटतो : खेळाडूने ज्या उपनगरात राहायचे त्याच उपनगराकडून खेळायचे. त्यामुळे क्लब म्हणजे शेजार झाला. गोदीत आपल्या शेजारी उभा राहून काम करणारा माणूस शनिवारी आपल्या वस्तीच्या रंगाचा सदरा घालून मैदानात दिसे.

माझे म्हणणे असे आहे की, हा पहिला हंगाम नामवंत खेळाडूंनी तारला, ही रूढ समजूत अपुरी आहे. हंगाम तारला तो मागे राहिलेल्यांनी. अंतिम सामना २९ ऑगस्ट १९०८ रोजी अॅग्रिकल्चरल ग्राउंडवर साउथ सिडनी आणि ईस्टर्न सबर्ब्ज यांच्यात झाला. त्याआधी दोनच आठवडे ऑस्ट्रेलियाचा पहिला ‘कांगारू’ संघ बोटीने इंग्लंडला निघून गेला होता, आणि दोन्ही क्लबांचे आघाडीचे खेळाडू त्या बोटीवर होते. ईस्टर्न सबर्ब्जचा डॅली मेसेंजर, ज्याच्या नावावर लोक मैदानाकडे धावत, तोही गेलेला होता. पाहायला सुमारे ४,००० लोक आले. साउथ सिडनीने तो सामना १४-१२ असा जिंकला. एका ट्रायला तीन गुण असत, म्हणजे सारा फरक एका ट्रायपेक्षाही कमी होता. ज्यांची नावे बोटीच्या यादीत नव्हती त्यांनी हा सामना इतका अटीतटीने खेळला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

जाणकारांनी यात भर घालावी, आणि माझे कुठे चुकत असेल तर जरूर सांगावे.

पावसाळी मैदान

लेख मनापासून आवडला. एक प्राथमिक शंका विचारतो. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात चिखलात चाललेली रग्बी मी अनेकदा थांबून पाहिली आहे. तेथे पंधरा-पंधरा खेळाडू असतात. सिडनीतला हा खेळ तोच होता, की वेगळा?

ताम्हण

जिमखान्यावर तुम्ही पाहिलेली ती रग्बी युनियन. हे दोन्ही खेळ एकाच घरातून निघाले, पण वाटण्या झाल्यावर दोघांचे चालणे-बोलणे वेगळे झाले. नॉर्दर्न युनियनने १९०६ साली खेळाडू पंधरावरून तेरावर आणले. बाजूच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मधे फेकायचा आणि उंच उडून पकडायचा, तो लाइनआउटचा प्रकार त्यांनी आधीच बंद केला होता.

सर्वांत मोठा फरक खेळाडू पाडला गेल्यानंतरचा आहे. युनियनमध्ये पडलेल्या माणसाभोवती दोन्ही बाजूंचे गडी कोंडाळे करतात आणि चेंडू त्या गर्दीत दिसेनासा होतो. लीगमध्ये पाडलेल्या खेळाडूला उठू दिले जाते. तो उभा राहतो, चेंडू पायापुढे जमिनीवर ठेवतो आणि टाचेने मागच्या साथीदाराकडे सारतो. समोर प्रतिस्पर्ध्याचा एक गडी उभा असतो, आणि त्या काळी त्यालाही पायाने चेंडू ओढण्याचा हक्क होता. म्हणून त्या एका क्षणात दोन बुटांची झटापट होई. किती वेळा पाडले म्हणजे चेंडू सोडायचा, याला तेव्हा मर्यादाच नव्हती. एखादा संघ चेंडू जपत बराच वेळ पुढे सरकत राही. ही मर्यादा १९६० च्या दशकात आली, आधी चार टॅकलची आणि पुढे सहांची.

हे बदल प्रेक्षकासाठी होते, हे मी मुद्दाम सांगते. खाड्याची भरपाई करायची तर तिकीट विकले गेले पाहिजे, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला चेंडू दिसला पाहिजे. खेळाचा हा आकार मजुरीच्या हिशेबातून घडला आहे.

दीर्घिका

ट्रंपर म्हणजे क्रिकेटमधला तोच ट्रंपर ना? १९०२ साली मँचेस्टरच्या कसोटीत पहिल्या दिवशी उपाहारापूर्वी शतक ठोकणारा? माझ्या वडिलांकडून हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले आहे, परंतु रग्बीच्या बंडात त्याचा हात होता हे मला आज प्रथमच कळले. क्रिकेटमध्ये एवढे नाव असलेल्या माणसाने हे जोखमीचे काम का अंगावर घेतले असेल?

ताम्हण

होय, तोच. क्रिकेटपटूंना दौऱ्यांच्या उत्पन्नात वाटा मिळत असे आणि त्यामुळे त्यांना ‘हौशी नाही’ म्हणून कोणी वाळीत टाकत नसे. रग्बी खेळणाऱ्याने मात्र बुडालेल्या दिवसाची मजुरी मागितली तरी तो भ्रष्ट ठरे. हा दुजाभाव ट्रंपर रोज पाहत होता, कारण त्याच्या दुकानात दोन्ही खेळांतील माणसे येत. तो मितभाषी होता, पण त्याच्या नावाला शहरात वजन होते, आणि नव्या संस्थेच्या खजिन्यावर लोकांनी विश्वास ठेवावा यासाठी त्या नावाचा उपयोग झाला असणार, असे माझे अनुमान आहे.

त्याची अखेर चटका लावणारी आहे. १९०९ चा हंगाम सुरू होण्याआधी पैशांच्या व्यवहारावरून संस्थेत वाद पेटला आणि हॉयल, गिल्टिनन व ट्रंपर या तिघांनाही पदावरून जावे लागले. ज्यांनी घर बांधले तेच दीड वर्षात बाहेर. ट्रंपर १९१५ साली अवघ्या ३७ व्या वर्षी वारला. त्याची समाधी येथून जवळच, समुद्रावरच्या वेव्हर्ली दफनभूमीत आहे.

कोरडवाहू

लेखाचा रोख मला पटत नाही, तो का ते सविस्तर मांडतो. ‘मागे राहिलेल्यांनी हंगाम तारला’ हे वाक्य ऐकायला चांगले आहे, पण हिशेब तसे सांगत नाही. त्या वर्षी संस्थेच्या तिजोरीत खरी भर पडली ती पाहुण्या संघांच्या सामन्यांतून. न्यूझीलंडचा संघ इंग्लंडहून परतताना मे महिन्यात पुन्हा सिडनीत खेळला, नंतर माओरी खेळाडूंचा संघ आला आणि त्यांच्या सामन्यांना क्लबांच्या सामन्यांपेक्षा कितीतरी अधिक गर्दी झाली. अंतिम सामन्याला ४,००० आणि मेसेंजर खेळणार असला की त्याच्या कितीतरी पट, हे अंतर तुमच्याच लेखातून दिसते. क्लबांच्या स्पर्धेचे पोट पाहुण्यांनी भरले. मग नामवंतांनी तारले, असे म्हणण्यात चूक काय?

ताम्हण

तुमचा आक्षेप रास्त आहे आणि पैशांपुरता तो मी पूर्णपणे मान्य करते. ९ मे १९०८ रोजी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यातील पहिली लीग कसोटी सिडनीत झाली. न्यूझीलंडने ती ११-१० अशी एका गुणाने जिंकली. अशा सामन्यांशिवाय संस्थेला ते वर्ष निभावता आले नसते. त्याच दौऱ्यात बास्केरव्हिल न्यूमोनियाने आजारी पडला आणि २० मे रोजी ब्रिस्बेनला वारला. तो पंचवीस वर्षांचा होता. मायदेशी परतायला त्याला थोडेच दिवस उरले होते.

परंतु पैसा येणे आणि स्पर्धा टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच मला म्हणायचे आहे. पाहुणे संघ वर्षाआड येतात आणि जातात. दर शनिवारी मैदानावर दोन संघ उभे राहिले पाहिजेत, हे काम शेजाराने केले. ज्या क्लबाला असा शेजार लाभला नाही त्याचे काय झाले, याचे उदाहरण त्याच हंगामात आहे. शहराच्या पश्चिमेचा कंबरलँड हा क्लब हंगाम सुरू झाल्यावर स्पर्धेत आला, वर्षभरात एक सामना जिंकला आणि पुढच्या वर्षी दिसलाच नाही. त्याच वर्षी वेस्टर्न सबर्ब्जचीही दैना झाली होती, पहिल्याच दिवशी एकही गुण न मिळवता ते हरले होते, तरीही तो क्लब टिकला, कारण त्याच्यामागे वस्ती होती.

आणखी एक गोष्ट पाहा. १९०८ च्या क्लबांपैकी ग्लीब १९२९ नंतर बाहेर पडला, न्यूटाउन १९८३ नंतर, नॉर्थ सिडनी १९९९ नंतर. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्ज यांनी एकत्र येऊन संयुक्त क्लब केला. राष्ट्रीय स्पर्धेत आज स्वतंत्रपणे उभे असलेले त्या वर्षीचे दोनच क्लब आहेत, साउथ सिडनी आणि ईस्टर्न सबर्ब्ज, ज्याला आता सिडनी रूस्टर्स म्हणतात. म्हणजे १९०८ चा अंतिम सामना खेळलेले दोघेच. साउथ सिडनीला १९९९ नंतर स्पर्धेतून वगळले गेले तेव्हा त्या क्लबाची माणसे हजारोंनी रस्त्यावर उतरली, प्रकरण न्यायालयात गेले आणि २००२ साली क्लब परत आला. कोणा नामवंताच्या नावावर एवढे लोक रस्त्यावर येत नाहीत.

गिरणगावकर

‘खाडा’ हा शब्द वाचला आणि लिहिल्यावाचून राहवले नाही. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते आणि संध्याकाळी कबड्डी खेळत. गुडघा दुखावला की पाळी बुडे, आणि पगाराच्या दिवशी आजी खाडे मोजून किराण्याचा हिशेब बसवत असे, असे आई सांगते. आजोबांच्या खेळाचे कौतुक सगळ्या चाळीला होते, पण बुडालेल्या पाळीचे पैसे कौतुकाने येत नव्हते. हडर्सफील्ड आणि ओल्डहॅम ही गिरण्यांची गावे, हे मला ठाऊक होते. तेथील माणसांनी खाड्याच्या भरपाईसाठी आख्खा खेळ वेगळा केला, हे ठाऊक नव्हते. साउथ सिडनीच्या वस्तीबद्दल आणखी लिहाल का?

ताम्हण

तुमच्या आजीचा हिशेब वाचून मी थोडा वेळ थांबले. रेडफर्नमधल्या कितीतरी घरांत शनिवारी रात्री हाच हिशेब होत असेल.

रेडफर्न हे कारखान्यांचे आणि रेल्वेच्या कर्मशाळांचे उपनगर होते. एकमेकांना चिकटलेली अरुंद घरे, पुढे हातभर ओटा आणि मागे गल्ली. साउथ सिडनीच्या खेळाडूंना ‘रॅबिटोज’ म्हणतात, ते नावही गल्लीतूनच आले. ससे विकणारे फेरीवाले ‘रॅबिटो’ अशी आरोळी देत दारोदार फिरत, आणि ससा हे गरिबाच्या ताटातले मांस होते. क्लबाचे काही खेळाडू शनिवारी सकाळी ससे विकून चार पैसे मिळवत आणि दुपारी मैदानात उतरत, असे परंपरेने सांगितले जाते. सदऱ्यावर सशाच्या रक्ताचा डाग असे, असेही सांगतात. या कथेतला कोणता भाग खरा आणि कोणता नंतर जोडलेला, याविषयी मतभेद आहेत. पण क्लबाने ते नाव अंगावरून झटकले नाही, उलट ससा छातीवर मिरवला, आणि त्यातून ती वस्ती स्वतःकडे कशी पाहत होती हे मला कळते.

दीर्घिका

१९०९ च्या अंतिम सामन्याबद्दल बालमेनच्या एका वृद्ध शेजाऱ्यांकडून मी फार कडवट शब्द ऐकले आहेत. ‘साउथने आम्हाला फसवले’ असे ते म्हणतात. तो काय प्रकार होता?

ताम्हण

ही जखम शंभर वर्षांहून जुनी आहे आणि बालमेनमध्ये अजून ओली आहे.

१९०९ मध्ये जेम्स जॉइंटन स्मिथ या धनाढ्य हॉटेलमालकाने पैसा ओतून ऑस्ट्रेलियाच्या रग्बी युनियन संघाचे, म्हणजे ‘वॉलबीज’चे, अनेक खेळाडू लीगकडे वळवले. हे साधे खेळाडू नव्हते, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रग्बीचे सुवर्णपदक जिंकलेल्या संघातले होते. त्यांचे आणि परतलेल्या कांगारूंचे सामने भरवण्यात आले. लीगने १८ सप्टेंबर १९०९ रोजीचा क्लब स्पर्धेचा अंतिम सामना, साउथ सिडनी विरुद्ध बालमेन, अशाच एका सामन्याआधीचा सलामीचा सामना म्हणून ठेवला. वर्षभर खेळून अंतिम फेरी गाठलेल्या क्लबांना मुख्य कार्यक्रमाआधी गर्दी जमेपर्यंत खेळायला लावणे हा अपमान आहे, अशी बालमेनची भूमिका होती. त्यांनी खेळायला नकार दिला. बालमेनच्या बाजूने सांगितले जाते की, दोन्ही क्लबांनी मैदानात न उतरण्याचे आपसांत ठरवले होते. साउथच्या बाजूने हे नाकारले जाते. प्रत्यक्षात साउथचे खेळाडू ठरलेल्या वेळी मैदानात आले, समोर कोणीच नसताना त्यांनी चेंडू लाथाडला, तो उचलून रेषेपलीकडे टेकवला, आणि पंचांनी त्यांना विजेते घोषित केले.

माझे मत विचाराल तर बालमेनचे म्हणणे तत्त्वतः बरोबर होते. ज्या संस्थेचा जन्म खेळणाऱ्याच्या कष्टाची किंमत व्हावी म्हणून झाला, तिने दुसऱ्याच वर्षी स्वतःच्या क्लबांच्या अंतिम सामन्याला तोंडीलावणे केले. कोरडवाहू यांचा मुद्दा येथे पुन्हा समोर येतो : पैसा पाहुण्या आणि नामवंत खेळाडूंच्या सामन्यात होता, आणि पैशाची गरज खरी होती, कारण गिल्टिननने काढलेला कांगारू संघाचा इंग्लंड दौरा आर्थिकदृष्ट्या पार बुडाला होता. तरीही त्या दिवशी साउथच्या खेळाडूंनी उतरायला नको होते, असे मला वाटते. बालमेनला पहिले विजेतेपद मिळण्यासाठी १९१५ उजाडावे लागले. साउथला अंतिम सामन्यात त्यांनी पुढे एकाहून अधिक वेळा हरवले, त्यातला एक विजय १९६९ सालचा, ११-२ असा, बरोबर साठ वर्षांनी.

पावसाळी मैदान

शेवटचा प्रश्न. तो न्हावी, अॅलेक बर्डन, ज्याच्यापासून हे सारे सुरू झाले, त्याचे पुढे काय झाले?

ताम्हण

बर्डन बरा झाला आणि पुन्हा खेळू लागला. ऑगस्ट १९०८ मध्ये जी बोट इंग्लंडला निघाली तिच्यावर तो होता, म्हणजे अंतिम सामन्याच्या दिवशी तोही समुद्रावर होता. संघाने सोबत एक जिवंत कांगारू नेला होता, तो इंग्लंडच्या थंडीत दगावला. हिवाळा कडक होता, आणि लँकेशायरच्या कापड गिरण्यांत त्याच सुमारास मोठी टाळेबंदी होऊन लाखो माणसे घरी बसली होती. ज्या गावांच्या तिकिटांवर दौऱ्याचा सारा हिशेब होता, त्याच गावांतल्या प्रेक्षकांच्या हातात मजुरी नव्हती. दौरा तोट्यात गेला आणि गिल्टिननचे दिवाळे निघाले. काही खेळाडू तेथील क्लबांकडून खेळायला राहिले. ईस्टर्न सबर्ब्जचा अल्बर्ट रोझेनफेल्ड हडर्सफील्डला स्थायिक झाला आणि १९१३-१४ च्या हंगामात त्याने ८० ट्राय केल्या.

बाकीच्यांजवळ परतीच्या भाड्याचे पैसे नव्हते. १८९५ साली खाड्याच्या भरपाईसाठी वेगळ्या झालेल्या त्याच नॉर्दर्न युनियनने त्यांची बोटीची तिकिटे काढून दिली.